‘पाच कोटी घातले, नव्वद कोटी काढले’: फ्रेडीच्या सिनेमाचा हिशेब असा होत नाही

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावरच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या सिनेमाचा एक हिशेब २०१८ पासून फिरतो आहे. सिनेमा जेमतेम सव्वापाच कोटी डॉलरमध्ये झाला, जगभरात ९१ कोटी डॉलर कमावले, म्हणजे निर्मात्यांच्या खिशात ८५ कोटी. गाणी आयती, गोष्ट आयती, फक्त एक चांगला नट उभा करायचा. आणि शेवटी ठरलेला टोमणा: आमच्याकडे कुमार गंधर्वांसारखी माणसं होऊन गेली, पण मराठी निर्मात्यांना दृष्टीच नाही.

फ्रेडीबद्दल आपल्याकडे जिव्हाळा आहे, आणि तो रास्त आहे. झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा, फारोख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढला. तिथेच १९५८ साली त्याने मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड काढला. पण त्या जिव्हाळ्यापोटी चुकीचा हिशेब पुढे ढकलला जातो आणि त्यावरून आपल्याकडच्या कलावंतांना नावं ठेवली जातात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

‘९१ कोटी डॉलर ही निर्मात्यांची कमाई’

ही तिकीटबारीवर गोळा झालेली रक्कम आहे. तिच्यातून आधी थिएटरवाले आपला वाटा काढून घेतात. अमेरिकेत साधारण निम्मी रक्कम वितरकाकडे येते, परदेशात बहुतेक ठिकाणी त्याहून कमी. चीनमध्ये वाटा ठरवून आयात होणाऱ्या परदेशी सिनेमांना तर तिकिटाच्या २५ टक्केच मिळतात. आता या सिनेमाचे ९१ कोटी कुठून आले ते बघा. अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे २१ कोटी ६० लाख. उरलेले तीन चतुर्थांशाहून जास्त पैसे बाहेरच्या देशांतले. जपान आणि दक्षिण कोरियात तर लोक पुन्हा पुन्हा बघायला गेले. म्हणजे कमाईचा मोठा भाग अशा बाजारांतला, जिथून स्टुडिओच्या हातात कमी टक्के पडतात.

मराठी सिनेमाशी ज्याचा थोडा जरी संबंध आला आहे त्याला ग्रॉस (तिकीटबारीचा एकूण गल्ला) आणि शेअर (त्यातून हातात येणारा वाटा) यांतला फरक सांगावा लागत नाही. आपल्या सिनेमाने ‘दहा कोटींचा गल्ला जमवला’ अशी पोस्टर्स लागतात तेव्हा निर्मात्याच्या हातात त्यातले किती येतात हे त्यालाच विचारावं.

‘सव्वापाच कोटी हाच सगळा खर्च’

हा सिनेमा तयार करून पहिली प्रत हातात येईपर्यंतचा खर्च. तो जगभर लावायचा, जाहिराती करायच्या, पुरस्कारांच्या मोसमात महिनोन्महिने तो लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवायचा, याचा खर्च वेगळा, आणि मोठ्या स्टुडिओच्या सिनेमात तो निर्मितीखर्चाच्या बरोबरीला किंवा पुढेही जातो. त्यावर गुंतलेल्या पैशाचं व्याज, कलाकार-तंत्रज्ञांच्या संघटनांना द्यावी लागणारी पुढची देणी, आणि ज्यांच्या करारात टक्केवारी आहे त्यांचे वाटे.

इथे एक प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. सिनेमाचा पटकथाकार अँथनी मॅककार्टन याने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये निर्माते ग्रॅहम किंग यांच्या जीके फिल्म्स या कंपनीवर दावा लावला. त्याचं म्हणणं, मला निव्वळ नफ्याच्या पाच टक्के कबूल केले होते, एक पैसाही आलेला नाही. दाव्यात स्टुडिओच्या हिशेबाचा जो कागद पुढे आला, त्यात हा सिनेमा ५ कोटी १० लाख डॉलर तोट्यात दाखवला होता. ९१ कोटींचा गल्ला जमवणारा सिनेमा, आणि वहीत तोटा.

हे कसं होतं? निव्वळ नफा म्हणजे काय हे व्यवहारज्ञान ठरवत नाही, करारातली व्याख्या ठरवते. स्टुडिओच्या हातात आलेल्या रकमेतून आधी स्टुडिओ स्वतःची वितरण-फी कापतो. मग वितरणाचा खर्च, मग कार्यालयीन खर्चापोटी ठरावीक टक्के, मग व्याज, मग निर्मितीखर्च, आणि ज्यांचा वाटा एकूण उत्पन्नावरच ठरलेला आहे त्यांचे पैसे. एवढं सगळं फिटून काही उरलं तर ‘निव्वळ’वाल्यांचा नंबर. यातल्या फीचा बराच भाग एका हाताने दुसऱ्या हाताला दिलेला असतो, कारण वितरक आणि पैसा घालणारा एकच. हॉलिवूडमध्ये हा वाद जुना आहे. लेखक आर्ट बुकवाल्ड याने पॅरामाउंटविरुद्ध ‘कमिंग टू अमेरिका’च्या कथेवरून दावा जिंकला तेव्हाही स्टुडिओने निव्वळ नफा शून्य दाखवला होता, आणि १९९० साली न्यायालयाने त्या करारातल्या अनेक अटी सरळसरळ अन्यायकारक ठरवल्या.

याचा अर्थ सिनेमा खरंच बुडाला असाही नाही. तोट्याचा तो कागद दाखवून ‘बघा, बायोपिक परवडत नाही’ म्हणणारेही तितकेच चुकतात. ‘डेडलाइन’ या चित्रपट-व्यवसायाच्या संकेतस्थळाने सगळे खर्च आणि सगळी उत्पन्नं धरून या सिनेमाचा नफा सुमारे ३५ कोटी डॉलर असावा असा अंदाज दिला होता. एकाच सिनेमाचे हे तीन आकडे झाले: ८५ कोटी, ३५ कोटी, आणि उणे ५ कोटी. पहिला आकडा ज्या वजाबाकीतून येतो ती वजाबाकी या धंद्यात कुणीच करत नाही.

‘गाणी आयती होती’

सगळ्यात जास्त खोडून काढायला हवा तो हा मुद्दा, कारण संगीतमय चरित्रपटाचं सगळं अर्थकारण इथे दडलेलं आहे.

एका गाण्यावर किमान दोन हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा एक, तो गीतकार-संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकाकडे. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा दुसरा, तो बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे. सिनेमात मूळ गाणं वाजवायचं तर दोन्हीकडची परवानगी लागते, आणि गाणं नव्याने गाऊन घेतलं तरी पहिला हक्क सुटत नाही. कायद्याने ठरवलेला दर नसतो. समोरचा म्हणेल ती किंमत, आणि तो नाही म्हणाला तर नाही.

नाही म्हटल्यावर काय होतं याची दोन उदाहरणं आहेत. २०१३ साली गिटारवादक जिमी हेंड्रिक्सवर सिनेमा आला, आंद्रे बेंजामिनने काम केलं होतं. वारसांच्या संस्थेने गाणी दिली नाहीत, म्हणून सिनेमा हेंड्रिक्स प्रसिद्ध व्हायच्या आधीच थांबतो. २०२० साली गायक डेव्हिड बोवीवर ‘स्टारडस्ट’ आला. त्याच्या मुलाने आधीच जाहीर केलं होतं की कुटुंबाने संगीताचे हक्क दिलेले नाहीत. म्हणजे बोवीवरचा सिनेमा, आणि त्यात बोवीची स्वतःची गाणी नाहीत. दोन्ही सिनेमे आज कुणाला आठवतात?

फ्रेडीच्या सिनेमाला गाणी मिळाली, कारण ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे क्वीनमधले त्याचे साथीदार स्वतः संगीत-निर्माते म्हणून आत होते आणि क्वीनचे व्यवस्थापक जिम बीच निर्मात्यांपैकी एक होते. हक्कांची किंमत रोखीत थोडी चुकवली गेली आणि बरीचशी अधिकारात. म्हणूनच निर्मितीखर्च सव्वापाच कोटींवर राहिला असं माझं मत आहे. सुरुवातीला २०१० साली फ्रेडीच्या भूमिकेसाठी साशा बॅरन कोहेनचं नाव जाहीर झालं होतं. २०१३ मध्ये तो बाहेर पडला, आणि पुढे त्याने मुलाखतीत सांगितलं की त्याला फ्रेडीचं आयुष्य जसं होतं तसं दाखवायचं होतं, बँडला ते नको होतं.

त्या अधिकाराचा परिणाम पडद्यावर दिसतो. सिनेमात फ्रेडी एकट्याचा करार करतो आणि बाकीचे दुखावून दूर होतात. प्रत्यक्षात रॉजर टेलरचे स्वतःचे दोन अल्बम, १९८१ आणि १९८४ चे, फ्रेडीच्या पहिल्या एकट्याच्या अल्बमच्या आधीचे. सिनेमात बँड फुटलेला आहे आणि तो ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीसाठीच्या मोठ्या संगीत-कार्यक्रमासाठी पुन्हा एकत्र येतो. प्रत्यक्षात १९८५ च्या मे महिन्यापर्यंत क्वीन दौऱ्यावरच होते, आणि ‘लाइव्ह एड’ झालं १३ जुलैला. वाद विसरून मित्र एकत्र येण्याचा हा प्रसंग मला स्वतःला आवडतो, थिएटरमध्ये मी रडलोही आहे. पण दोष मेलेल्या माणसाच्या खात्यात गेला आहे आणि हयात असलेल्यांच्या गेलेला नाही, हे दिसतंच. गाण्यांची किंमत ही अशीही मोजली जाते, आणि ती कुठल्याच बजेटच्या कागदावर येत नाही.

गाणी देणाऱ्यांना काय मिळालं? २०१८ च्या डिसेंबरात युनिव्हर्सल म्युझिकने जाहीर केलं की ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे विसाव्या शतकातलं सर्वाधिक स्ट्रीम झालेलं गाणं ठरलं आहे. २०२४ मध्ये सोनीने क्वीनचा गाण्यांचा संग्रह सुमारे एक अब्ज पौंडांना घेतल्याच्या बातम्या आल्या. सिनेमाचा नफा सिनेमाच्या वहीत शोधून पुरत नाही तो यामुळे.

आणि ‘आयती’ म्हणावीत तर ती तशी वापरताही आली नाहीत. पडद्यावरचा आवाज बराचसा फ्रेडीच्या मूळ मुद्रणांतला, काही जागी मार्क मार्टेल या कॅनेडियन गायकाचा, थोडा फ्रेडीचं काम करणाऱ्या रामी मलेकचा. क्वीनच्या आधीच्या ‘स्माइल’ बँडचं एक गाणं हवं होतं तर त्या वेळचा गायक टिम स्टाफेल याला जवळपास पन्नास वर्षांनी बोलावून मे आणि टेलर यांच्यासोबत ते पुन्हा मुद्रित केलं.

‘फक्त नट उभा करायचा’

शेवटचा ‘लाइव्ह एड’चा, वेम्ब्ली स्टेडियमवरचा कार्यक्रम बोव्हिंग्डनच्या जुन्या धावपट्टीवर रंगमंच बांधून चित्रित झाला. पियानोवरचे पेप्सीचे कागदी ग्लाससुद्धा मूळ चित्रफीत बघून जिथल्या तिथे ठेवले होते. समोर शेकडो लोक उभे केले आणि संगणकावर त्यांचे हजारो केले. हे शूटिंगच्या अगदी सुरुवातीलाच झालं, म्हणजे मलेकला सगळ्यात अवघड वीस मिनिटं आधी उभी करायची होती. पुढे २०१७ च्या डिसेंबरात दिग्दर्शक ब्रायन सिंगरला काढलं, आणि डेक्स्टर फ्लेचरने काम पुरं केलं. चालू शूटिंग थांबतं तेव्हा सेट, भाडी, पगार थांबत नाहीत. त्याआधीची सातेक वर्षं, बदललेले लेखक, बदललेले नट, तेही कुणीतरी सोसलेलंच असतं.

‘पैसा सगळा स्टुडिओचा’

नाही. फॉक्स या स्टुडिओबरोबर न्यू रीजन्सी या कंपनीचा पैसा होता, आणि ब्रिटनमध्ये केलेल्या खर्चावर त्या काळात सरकारकडून २५ टक्के परतावा मिळत असे, पात्र खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत. यातली खरी सोय अशी की तो कायद्याने ठरलेला हक्क होता. सिनेमा सांस्कृतिक निकषांच्या चाचणीत बसला की रक्कम नक्की, त्यामुळे ती हातात यायच्या आधीच तिच्यावर कर्ज उचलता येतं. आपल्याकडे राज्य सरकारचं अनुदान आहे, पण ते सिनेमा पूर्ण झाल्यावर, परीक्षण समितीने दर्जा ठरवल्यावर. कुठली बँक त्यावर आधी पैसे देईल? मराठी निर्माता घर गहाण ठेवतो ते हौसेने नाही.

‘बायोपिक बुडत नाही’

अरेथा फ्रँकलिनवरचा ‘रिस्पेक्ट’ (२०२१) साडेपाच कोटी डॉलरचा. जगभरचा गल्ला सुमारे ३ कोटी ३० लाख. रॉबी विल्यम्सवरचा ‘बेटर मॅन’ (२०२४) ११ कोटींचा, गल्ला सव्वादोन कोटींच्या आसपास. दोन्हींत गाणी लोकांच्या ओठांवरची होती. एल्टन जॉनवरचा ‘रॉकेटमॅन’ चांगला चालला, पण ४ कोटींवर साडेएकोणीस कोटी एवढाच. फ्रेडीचा सिनेमा हा अपवाद आहे, आणि अपवादावरून कुणी नियोजन करत नाही.

‘मराठी निर्मात्यांना दृष्टी नाही’

हा टोमणा मला लागतो, कारण तो साफ खोटा आहे. ‘बालगंधर्व’ २०११ मध्ये आला. ‘मी वसंतराव’ २०२२ मध्ये आला. नातू स्वतः गायक, भूमिकाही त्याचीच, आणि तरी तो पडद्यावर यायला नऊएक वर्षं गेली. २०२४ मध्ये सुधीर फडक्यांवरही झाला. ही माणसं दृष्टी नसलेली आहेत का?

आपल्याकडे अडचण निराळ्या जागी आहे. भारतात शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणावरचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, देवल १९१६ मध्ये. ‘मानापमान’ किंवा ‘संशयकल्लोळ’मधल्या पदांच्या शब्दांसाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही. पण जुन्या तबकडीवरचा आवाज आजच्या थिएटरमध्ये लावता येत नाही, म्हणून ते गाणारा गळा शोधावा लागतो. ‘बालगंधर्व’ला आनंद भाटे मिळाले, त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. असे गळे किती आहेत?

कुमारांचं तर आणखी अवघड. त्यांच्या निर्गुणी भजनांत शब्द मुख्यतः कबीराचे, ते सगळ्यांचे. चाल कुमारांची, ते १९९२ मध्ये गेले, म्हणजे तो हक्क २०५२ च्या अखेरपर्यंत वारसांचा. मुद्रण ज्या कंपनीचं तिचं. आणि नव्याने गाऊन घ्यायचं म्हटलं तर एका फुप्फुसाचं बळ गमावलेल्या माणसाने श्वासाच्या छोट्या छोट्या तुकड्यांतून घडवलेली गायकी दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून कशी काढणार? कुमारांवर सिनेमा व्हावा असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी आधी त्यांच्या मुद्रणांची यादी करावी, कुठलं कधी प्रकाशित झालं आणि आज कुणाकडे आहे. एखाद्या निर्मात्याच्या हातात ती पडली तर त्याचे निदान दोन महिने वाचतील.