औषध पोह्याच्या भावात, सुई सोन्याच्या

दिवाळीत नागपुरात धंतोलीला मामांकडे जेवणं झाल्यावर जेनेरिक औषधांचा वाद निघाला. डॉक्टरांनी ब्रँड लिहू नये, जेनेरिकच, म्हणजे औषधाचं मूळ नावच लिहावं, असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला आणि त्याच महिन्यात स्थगित केला. तेव्हापासून आमच्या घरात हा विषय थंड झालेला नाही. मामा मला म्हणाले, "काऊन गं, तुमच्याकडे अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन सहाशे डॉलरला, अन् आपल्याकडे प्लेटभर तर्री-पोह्याच्या पैशात. मग पुढे कोण?"

माझ्या लेकीला काजूची अ‍ॅलर्जी आहे. सांबारवडीतली चारोळी काजूच्याच कुळातली, म्हणून तीही मी तिला देत नाही. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आमचं घर; तिथे तिच्या दप्तरात कायम दोन पेनं असतात: आत अ‍ॅड्रेनलिन भरलेलं, मांडीवर दाबलं की सुई टोचणारं इंजेक्शन.

मामांचं गणित खरं आहे. २००७ मध्ये एपिपेन, म्हणजे अशा पेनांचा ब्रँड, मायलन कंपनीकडे आला तेव्हा दोन पेनांचा डबा सुमारे शंभर डॉलरला होता, २०१६ मध्ये तो सहाशेवर गेला. आतलं अ‍ॅड्रेनलिन मात्र तेवढंच, एका पेनातून ०.३ मिलिग्रॅम. लोक खवळले, कंपनीच्या प्रमुखांना अमेरिकी संसदेत जाब विचारला गेला, मग कंपनीनेच निम्म्या किमतीत जेनेरिक आणलं. २०१८ मध्ये टेव्हा या दुसऱ्या कंपनीच्या जेनेरिकलाही परवानगी मिळाली. आमच्या न्यू जर्सीत २०२५ पासून एक कायदा आहे: या पेनांच्या महिन्याच्या पुरवठ्यामागे विमाधारकाच्या खिशातून २५ डॉलरच्या वर घ्यायचे नाहीत. पण नवऱ्याची कंपनी कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या पैशातून भरते, अशा विम्याला राज्याचा कायदा लागत नाही. मग आम्ही जेनेरिक लिहून घेतो, कूपन शोधतो, तीन दुकानांत फोन करून भाव विचारतो. साधारण दीड वर्षात मुदत संपते आणि न वापरलेली पेनं टाकून पुन्हा पहिल्यापासून.

तरी "पुढे कोण" याचं मामांचं उत्तर मला पटत नाही. दोन वर्षांपूर्वी नागपुरातच एका लग्नात पनीरच्या रश्श्यात काजूची पेस्ट निघाली. लेकीचे ओठ सुजले, आवाज बसला, ती खोकायला लागली. पेन माझ्या पर्समध्ये होतं, मी कपड्यावरूनच तिच्या मांडीत टोचलं. दवाखान्यात पोचलो तर डॉक्टर म्हणाले, "हे कशाला दिलं? एव्हिल पुरलं असतं." मला अजून त्या वाक्याचा राग येतो. एव्हिल हे अ‍ॅलर्जीवरचं नेहमीचं औषध, त्याने खाज आणि पित्त उठलेलं कमी होतं. सुजलेला घसा त्याने मोकळा होत नाही, पडलेलं बीपी चढत नाही. ते काम अ‍ॅड्रेनलिनचं, आणि तेही पहिल्या काही मिनिटांत.

पेन नसतं तर? मामांची ती स्वस्त अ‍ॅम्प्युल (औषधाची काचेची कुपी) नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत, मेडिकलच्या कॅज्युअल्टीत होती, मेयोत होती, लग्नाच्या मांडवात नव्हती. असती तरी घाबरलेल्या आईने काच फोडून, सिरिंजमध्ये नेमकी मात्रा ओढून, सुई लावायची कधी? अशी पेनं भारतातल्या औषध दुकानात सहजासहजी मिळत नाहीत, बहुतेकदा बाहेरून मागवावी लागतात. त्यात नागपूरचा मे महिना. हे औषध २० ते २५ अंशांत ठेवायचं असतं, उभ्या गाडीत विसरलं तर संपलंच.

म्हणून जेनेरिकच्या वादात मला एवढंच घालायचं आहे: भाव औषधाचा विचारताय, तर सुईचाही विचारा. सगळ्या जगाला सिरिंज आणि लस पुरवणाऱ्या देशाला साधं, स्वस्त, भरलेलं पेन बनवता येणार नाही, हे मी मान्य करणार नाही. ते येईपर्यंत ज्या मुलाला एकदा जोराची रिअ‍ॅक्शन आली आहे, त्याच्या आई-वडिलांना बालरोगतज्ज्ञांनी अ‍ॅम्प्युल आणि सिरिंज लिहून द्यावी, वजनाप्रमाणे मात्रा कागदावर लिहावी आणि समोर बसवून दोनदा करून घ्यावं. शाळेच्या ऑफिसातही तो कागद असावा. आपल्याच लसीकरणात, रिअ‍ॅक्शन आली तर अ‍ॅड्रेनलिनचा पहिला डोस देण्याची मुभा गावच्या एएनएम ताईंना (आरोग्यसेविकांना) सरकारने दिली आहे. शिकवलं तर आईलाही जमेल.