‘एक उकळी काढली की झालं’ म्हणणाऱ्यांना

रविवारी रात्री साडेदहाला कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून भाचीचा फोन आला. “मावशी, टाकू काय गं सगळं?” सव्वा किलोची अख्खी कोंबडी, दही आणि कांदा-लसूण चटणी लावून सकाळपासून फ्रिजमध्ये मुरत ठेवलेली. सातला ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीत घातली, साडेसातला लाईट गेली, ती आली दहाला. कातडी छान तांबूस झालेली, पण तंगडीच्या सांध्यात सुरी घातली तर लालसर पाणी आलं. मांस हाडाला घट्ट चिकटलेलं, बोटाला कोमट लागत होतं. अंधारात तिने पंखाचं टोक तोडून खाल्लंही होतं.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात घरच्या ग्रुपवर कुणीतरी तो मेसेज टाकला, जो सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हळद-मीठ-लिंबात मुरलेलं चिकन निम्मं शिजलेलंच असतं, गुलाबी गेला की शिजलं, उरलेलं कितीही वेळ बाहेर राहिलं तरी एक उकळी काढली की सगळे जंतू मरतात, वास आला नाही तर खुशाल खा, आणि पोट बिघडलंच तर मेडिकलमधून अँटिबायोटिक घ्या. तीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलंय मी. हे वाचून गप्प बसवत नाही.

मुरवणीचं आधी. लिंबाच्या आंबटपणाने मांसातली प्रथिनं आकसतात आणि ते पांढरट, शिजल्यासारखं दिसतं. ते फक्त दिसतं. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे कोंबडीतले नेहमीचे दोन जंतू तेवढ्या लिंबाने मरतील असा भरवसा धरता येत नाही. हळदीचं आणि आपल्या चटणीचंही तेच. तिखटाने माणसाच्या नाकातून पाणी येतं, जंतूंना विशेष काही होत नाही.

रंगाची खूण दोन्ही बाजूंनी फसवते. ब्रॉयलर कोंबडी दीड-दोन महिन्यांची असते, हाडं कोवळी, त्यामुळे नळीतला रंग बाहेर झिरपतो आणि पूर्ण शिजलेलं मांसही हाडालगत गुलाबी राहू शकतं. उलट, पुरेशा तापमानाला पोचण्याआधीच छातीचं मांस पांढरं दिसायला लागतं. खात्रीची खूण एकच: तंगडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, स्वयंपाकाच्या थर्मामीटरची सुई खुपसायची आणि 74 अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत. रश्श्यात हा प्रश्न सहसा येत नाही, कारण तुकडे लहान असतात आणि पाणी खळखळून उकळतं. अख्खी कोंबडी भाजताना उष्णता बाहेरून आत हळूहळू सरकते, म्हणून हा धोका भाजण्यातच जास्त.

आता ती उकळी. इथे मेसेजात अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच तो घातक आहे. ताटात वाढल्या वाढल्या कळलं की आत कच्चं आहे, तर लगेच परत भट्टीत घाला, 74 अंशांपर्यंत न्या, बिनधास्त खा. टाकायची काही गरज नाही. पण मध्ये वेळ गेला असेल तर हिशेब बदलतो. 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. अनुकूल ऊब मिळाली तर वीस मिनिटांत दुप्पट, म्हणजे एका जंतूचे सात तासांत 20 लाख. उष्णतेने जंतू मरतात, पण त्यांनी तोवर तयार केलेलं विष प्रत्येक वेळी नष्ट होत नाही. आपल्या हातावर, नाकात असणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस अन्नात वाढला तर त्याचं विष अर्धा तास उकळूनही टिकतं. म्हणून नियम असा, की शिजवलेलं किंवा अर्धवट शिजलेलं चिकन दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात, 32 अंशांवर, एकच तास. भाचीची कोंबडी अडीच तास कोमट भट्टीत बसली होती. मी टाक म्हणाले.

ताईला ते फार लागलं. अन्न टाकायची सवय नाही आमच्या घरात, मलाही वाईट वाटलं. पण घरात चार वर्षांचं पोर आहे आणि ऐंशीच्या आजी आहेत.

हाच नियम अळणीच्या, म्हणजे तिखट न घालता उकळलेल्या मटण-चिकनच्या पाण्याच्या, पातेल्यालाही लागू आहे. बारशा-वास्तुशांतीला मोठं पातेलं झाकण घालून रात्रभर ओट्यावर ठेवतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जंतूचे बीजाणू, म्हणजे कवचातली त्याची झोपलेली रूपं, उकळीतूनही जगतात आणि पातेलं सावकाश निवताना वाढतात. पसरट भांड्यांत काढा, वाफ गेली की फ्रिजमध्ये घाला.

वासाबद्दल एवढंच: अन्न नासवणारे जंतू वास सोडतात, आजारी पाडणारे बहुतेकदा नाही.

आणि गोळी. साध्या जुलाबात अँटिबायोटिकची बहुधा गरज नसते. साल्मोनेलात तर त्याने जंतू आतड्यात आणखी जास्त दिवस राहू शकतात. लागतं ते पाणी: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या छोट्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, घोट घोट. शौचातून रक्त, मोठा ताप, लघवी कमी होणं, किंवा रुग्ण तान्हं बाळ, गरोदर बाई, वयस्कर माणूस असेल तर डॉक्टरकडेच जायचं.

सकाळी ठणठणीत उठलो म्हणजे सुटलो, असंही नाही. स्टॅफिलोकोकसचा त्रास काही तासांत होतो, पण कॅम्पिलोबॅक्टर दोन ते पाच दिवस घेतो. 2025 च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा काही नमुन्यांत हाच जंतू सापडला होता. त्याच्या संसर्गानंतर जीबीएस होतो तो फार क्वचित, हजारात एखाद्याला. त्यामुळे चिकन सोडायचं कारण नाही, नीट शिजवायचं कारण आहे. पंखाचा घास खाल्लेल्या भाचीला मी एवढंच सांगितलं: ओकारी काढू नकोस, गोळी घेऊ नकोस, पाच दिवस लक्ष ठेव.

शुक्रवारी तिचा फोन आला. “मावशी, काही झालं नाही गं. थर्मामीटर आलाय. रविवारी परत लावणार हाय, तू ये.”