सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा

सकाळी सकाळी भाच्याचा फोटो. पांढऱ्या सेकंडहँड हॅचबॅकच्या बॉनेटवर हात ठेवून साहेब उभे. खाली मेसेज: "मामा, टोकन दिलं, पंचवीस हजार. एक नंबर कंडिशन!"

एक नंबर कोण म्हणालं? विकणारा. बघितली कधी? काल रात्री आठला. इंजिन? "आम्ही गेलो तेव्हा चालूच होतं, एसी लावून ठेवला होता त्यांनी." अरे बाळा, पाहुणचार नव्हता तो! गार इंजिन पहिल्या सेल्फला उठतं का, धूर टाकतं का, तेच तुला दिसू दिलं नाही.

चिडलोय, कारण हा गाढवपणा मी स्वतः केलाय. फेब्रुवारी 2020. पुण्यात गाडी बघायला गेलो, पासिंग एमएच 10. बाबा सोबत होते. आत बसल्या बसल्या म्हणाले, "कुबट वास येतोय रे. दहा म्हणजे सांगली ना? पुरातली नाही ना?" एजंट हसला. "काका, गाडी विट्याची. तिथं प्यायला पाणी नाही, पूर कुठला!" मीही हसलो. आरशाला दोन-दोन पर्फ्यूम का लटकवलेत, हे काही मला सुचलं नाही.

सगळे एजंट तसले नसतात, मान्य. पण माझ्या नशिबी हाच आला.

पहिल्याच पावसाळ्यात पॉवर विंडो गेली. मग एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. मग गाडी भर कात्रज घाटात बंद. मेकॅनिकने पुढची सीट काढली, खालचे रेल गंजलेले. मग त्याने सीटबेल्ट ओढला, ओढतच गेला. रोज आपण ओढतो तेवढा भाग स्वच्छ, आणि रिळातल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर सुकलेला गाळ. नखाने खरवडला तर पडला. ऑगस्ट 2019 चा पूर माझ्या खांद्यावरून जात होता रोज!

तर बाबांनो, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. डिकीतली स्टेपनी उचलून खाली बघा. टायरवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. मीटर म्हणतो वीस हजार किलोमीटर आणि चारही टायर गाडीपेक्षा तरुण? मीटर मागे फिरवलेला असणार. चेसिस नंबर आरसीशी ताडून बघा. कर्जाची गाडी असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (आरसीवरून बँकेचं नाव काढायचा फॉर्म) हातात आल्याशिवाय पैसे मोकळे करू नका.

आणि विकणाऱ्यांनो, गाडी नावावर करायच्या फॉर्म 29-30 वर सह्या करून निवांत झोपू नका. ट्रान्सफर झालं का बघा. अपघात झाला तर आरसीवर नाव असलेलाच मालक धरला जातो, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय.

नवी परवडत नाही म्हणूनच जुनी घेतो आपण, हे कळतं मला. पोराने दोन वर्षं पैसे साठवलेत. सकाळी जरा जास्तच बोललो त्याला.

बाबा मला एका शब्दाने बोलले नव्हते. ती गाडी विकेपर्यंत बसले की आधी काच खाली करायचे, एवढंच.

आत्ता भाच्याचा फोन आला, "मामा, रविवारी येशील का?" सकाळी सातला जातोय. आम्ही येईपर्यंत सेल्फ मारू नका, असं मालकाला बजावलंय. बाबांनाही घेऊन जातोय. या वेळी आत आधी ते बसणार.