बिशप राईटांचं घराणं : फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

राईट बंधूंचे वडील बिशप मिल्टन राईट यांची ‘संपूर्ण वंशावळ’ म्हणून एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचं सार असं : राईट हे इंग्लंडातल्या केल्व्हडन हॉलच्या जमीनदारांचं एकच कूळ, सासरच्या कर्नरांचं नाव एलिस बेटावरच्या (न्यूयॉर्कजवळचं, परदेशातून येणाऱ्यांना तपासणारं केंद्र) कारकुनाने बदललं, मुलांची नावं पूर्वजांवरून ठेवलेली, म्हणून मागची पिढी नावांवरूनच कळते, बिशप असल्यामुळे बाकी सगळं चर्चच्या दप्तरात एके जागी मिळतं, आणि जे मिळत नाही ते १८९० च्या जनगणनेबरोबर जळालं. वंशावळी लावण्याचा मला जुना नाद आहे. हा मजकूर वाचून जीव तुटतो, कारण स्वतः मिल्टन राईटांनी घराण्याची माहिती फार हौसेने गोळा केली होती.

आधी ते केल्व्हडन हॉल. एसेक्समधली ही जागीर १५३८ मध्ये जॉन राईट नावाच्या माणसाने घेतली, हे खरं. या राईटांचा अमेरिकेतला मूळपुरुष मानला जाणारा सॅम्युअल राईट नावाचा प्युरिटन (कडवा प्रोटेस्टंट) मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डमध्ये येऊन राहिला, तिथल्या मंडळीत डीकन (चर्चचा पदाधिकारी) होता आणि १६६५ मध्ये नॉर्थहॅम्प्टनला वारला, हेही खरं. त्या दोघांना जोडणारा कागद मात्र हा मजकूर दाखवत नाही. केल्व्हडनचे राईट पुढे पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक राहिले; त्याच घरातून प्युरिटन डीकन निघणं अशक्य नाही, पण मग पुरावा जास्तच पक्का हवा. ‘राईट’ हे मुळात धंद्याचं नाव, लाकूडकाम करणाऱ्या कारागिराचं. आपल्याकडे गावोगाव सुतार आडनावाची घरं असतात. ती सगळी एकाच मूळपुरुषाची असं कुणी म्हणत नाही.

या जमीनदारीच्या नादात मिल्टनच्या आईकडे कुणी पाहतच नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. आई कॅथरीन रीडर. तिची आई मार्गारेट व्हॅन क्लीव्ह. मार्गारेटचे वडील जॉन व्हॅन क्लीव्ह १७९१ मध्ये सिनसिनाटीजवळ मूळ रहिवाशांबरोबरच्या संघर्षात मारले गेले. त्यांच्या विधवेने दुसरं लग्न केलं, आणि १७९६ मध्ये ओहायोतल्या डेटनला वस्ती करायला जी पहिली माणसं नदीतून नावेने आली, त्यांत ती होती. तिचा मुलगा बेंजामिन डेटनचा पहिला पोस्टमास्तर झाला. म्हणजे ज्या गावात पुढे राईट बंधूंचं सायकलचं दुकान उभं राहिलं, त्या गावाशी त्यांचं नातं पणजीच्या आईपासूनचं आहे. याला कागद आहेत. तरी फिरतं ते केल्व्हडनच, कारण तिथे वाडा आहे.

एलिस बेटाचं तर तारखांवरच निकालात निघतं. ते केंद्र १८९२ मध्ये उघडलं. मिल्टनच्या पत्नी सुझन यांचे वडील जॉन गॉटलिब कर्नर जर्मनीतून १८१८ मध्येच अमेरिकेत आले होते. शिवाय एलिस बेटावरचे अधिकारी नावं स्वतः लिहून घेत नसत. जहाज निघतानाच तयार झालेली यादी समोर ठेवून ते माणूस पडताळत. जर्मन ‘ओ’वरचे दोन टिंब गेले आणि त्याजागी ‘ई’ आला (Körner चं Koerner), एवढाच बदल इंग्रजी लिखाणात होतो आणि त्याला कारकून लागत नाही. खरी अडचण वेगळी आहे. उतारूंच्या याद्या सरकारजमा करण्याचा अमेरिकी कायदा १८१९ चा, आणि याद्या सुरू होतात १८२० पासून. कर्नर त्याआधीच आले, म्हणून त्यांच्यासाठी जमिनीचे व्यवहार, नागरिकत्वाचे अर्ज असे दुसरे कागद धुंडाळावे लागतात. जाता जाता सांगण्यासारखं आहे : हे कर्नर घोडागाड्या बनवत, त्यांच्या शेतावर पायाने फिरवायचं लेथ असलेलं दुकान होतं. आडनाव राईट असलेल्या घरात कारागिरी आली ती आईकडून.

मुलांच्या नावांबद्दल फार लिहायला नको. विल्बर हे नाव विल्बर फिस्क या मेथडिस्ट उपदेशकावरून, ऑर्व्हिल हे ऑर्व्हिल ड्यूई या युनिटेरियन उपदेशकावरून. दोघेही राईटांचे नातेवाईक नव्हते. मिल्टनना त्यांच्याबद्दल आदर होता, बस्स. नावावरून आजोबा शोधायला गेलात तर परक्याच्या घरात शिराल.

आता चर्चचं दप्तर. मिल्टन ज्या युनायटेड ब्रदरेन चर्चचे पाळक होते, ते १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या अधिवेशनात फुटलं. गुप्त मंडळांच्या सभासदांना चर्चमध्ये घ्यायचं का आणि जुनी घटना बदलायची का, हा वाद होता. मिल्टन जुन्या घटनेच्या बाजूने अल्पसंख्याकांबरोबर गेले. त्या शाखेचे कागद आज इंडियानातल्या हंटिंग्टनला आहेत. दुसरी शाखा १९४६ आणि १९६८ च्या विलीनीकरणांतून युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये गेली. तिकडचं दप्तर न्यू जर्सीतल्या मॅडिसनला, ड्रू विद्यापीठात. त्यात हा माणूस एका जागी कधी थांबला नाही : इंडियाना, ऑरेगन, पुन्हा इंडियाना, मग डेटन, आयोवातलं सीडर रॅपिड्स, रिचमंड, आणि १८८४ मध्ये परत डेटन. अशा फिरत्या पाळकाचा माग काढायचा तर काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) कचेरीतल्या लग्नाच्या नोंदी बघाव्यात. परवान्यावर लग्न लावणाऱ्याने सही करून तो कचेरीला परत द्यायचा असे. कुठल्या साली तो कुठे होता, हे दुसऱ्यांच्या लग्नांवरून कळतं.

जनगणनेचा मुद्दा सगळ्यात जास्त सांगितला जातो. १८९० चे कागद १० जानेवारी १९२१ च्या आगीत होरपळले, भिजले, आणि उरलेले पुढे सरकारनेच नष्ट केले. त्याची हळहळ मलाही आहे. पण या घराण्याच्या शोधात तो खड्डा फार खोल नाही, कारण १८८० आणि १९०० च्या गणना आहेत, डेटनच्या रहिवाशांच्या छापील सूच्या आहेत. खोल खड्डा १८५० च्या आधी आहे. तोपर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. १८३० च्या गणनेत मिल्टन दीड वर्षाचे होते. वडील डॅन राईट यांच्या नावापुढे ‘पाच वर्षांखालील मुलगे’ या रकान्यातल्या आकड्यात ते मोजलेले असायचे. पुढे ऑटिस आणि आयडा ही मिल्टनची जुळी मुलं १८७० मध्ये जन्मून तान्हेपणीच गेली. १८८० ची नोंद पाहणाऱ्याला ती कधी होती हेही कळणार नाही.

आणि जन्मनोंदी? इंडियानात काउंटी पातळीवर त्या १८८२ मध्ये सुरू झाल्या. विल्बरचा जन्म त्याआधीचा, मिलव्हिलजवळचा. पण मिल्टननी १८५७ पासून १९१७ पर्यंत रोजनिशी लिहिली, आणि ती राईट स्टेट विद्यापीठाने छापली आहे. ३० मे १९१२ चं पान उघडा. विल्बर पहाटे सव्वातीनला गेला, असं त्र्याऐंशी वर्षांच्या बापाने लिहिलंय, आणि लगेच वय : ४५ वर्षं, १ महिना, १४ दिवस. मागे मोजत गेलं की १६ एप्रिल १८६७ येतो.