दहात तीन गेली तरी ‘पार्शियल’

वादळाच्या चौथ्या दिवशी पंचनाम्याला माणसं आली. चपला चिखलात जाऊ नयेत म्हणून बांधावरच थांबली आणि पहिलाच प्रश्न, “डॅमेज किती? टोटल की पार्शियल?” बाबांना कळेना काय बोलावं. बागेकडे हात करून म्हणाले, “सायेब, समदं वाटोयं झालं.” कागदावर पडलेल्या झाडांचा आकडा गेला, तीस टक्के. पुढे शब्द, पार्शियल. अकरा महिन्यांची केळीची मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली, पंधरा दिवसांत कापणीला येणारी, आणि तिचं वर्णन संपलं!

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं. या इंग्रजी शब्दांची चीडच आलीय. मोबाईलच्या काचेला चरा पडला तरी डॅमेज आणि रावेरची केळी आडवी झाली तरी डॅमेज. पंगतीत भाजी खारट झाली की डिझास्टर. पेपर अवघड गेला तर पुतण्या सांगतो, “काका, पार डिस्ट्रॉय झालो.” अरे, जेवून उठलास आत्ता! आणि रात्री टीव्हीवर कुणीतरी ओरडतं, बोलर्सना डिसिमेट केलं म्हणे. चार चौकार बसले, त्याला डिसिमेट?

हा शब्द कुठून आला ते तरी बघा. लॅटिनमध्ये दहाला देकेम म्हणतात. रोमन सैन्यातल्या तुकडीने बंड केलं किंवा रणातून पळ काढला, तर दहा-दहाचे गट पाडून चिठ्ठ्या टाकत. ज्याच्यावर चिठ्ठी येई त्याला उरलेल्या नऊ सोबत्यांनीच दांडक्यांनी ठार मारायचं. दहात एक. पुढे इंग्रजीत त्याचा अर्थ पसरला, ‘बराचसा भाग नष्ट करणं’ असा झाला. शब्दांचे अर्थ बदलतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दहातला एक गेला म्हणून त्यांनी शब्द घडवला, आणि आमची दहातली तीन झाडं गेली तर सरकारी मदतीच्या हिशेबात ते नुकसानच धरत नाहीत, कारण 33 टक्के भरत नाहीत! 2015 पर्यंत तर 50 टक्के लागायचे. म्हणजे निम्मी बाग जमिनीवर पडल्याशिवाय तुम्ही रडायचंही नाही.

आणि जी सत्तर टक्के ‘वाचली’ म्हणतात ती जरा जवळ येऊन बघा ना. एका झाडाला धड पान नाही, नुसत्या चिंध्या लोंबतायत. पानं फाटली की घड पोसत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. सावली गेली म्हणून वरच्या फण्यांना उन्हाचा चटका बसून साल काळी पडतेय. काही झाडांच्या मुळ्या हलल्यात, हात लावला तर खोड डुलतं. व्यापारी असा माल कापणार आहे का? बघून पुढच्या शेतात जाईल.

आमच्याकडे या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे हो. उन्मळली, कमरेतून मोडली, कलली, फाटली, चटकली. आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. कललेल्या झाडाला टेकू द्यायचा, मोडलेलं कापून बुडाशी फुटलेला कोंब, पील, सांभाळायचं, म्हणजे त्याची पिलबाग तरी हाती लागेल. शब्द बरोबर असला तर काय करायचं ते कळतं, किती गेलं तेही कळतं. ‘पार्शियल’मधून काय कळतं? अधिकाऱ्याला तरी कळतं का? त्याला रकाना भरल्याचं समाधान मिळतं, बस.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? संध्याकाळी बाबाच फोनवर मामांना सांगत होते, “पार्शियल झालं म्हने.” चाळीस वर्षं केळीत घालवलेला माणूस. सकाळी वाटोयं म्हणत होता. दिवसभरात त्याचं स्वतःचं नुकसान त्याच्याच तोंडून कमी करून घेतलं.

सही करायच्या आधी मी म्हटलं होतं, शेऱ्यात एवढं तरी लिहा, ‘उभ्या झाडांची पानं फाटली, घड भरणार नाहीत.’ तर म्हणे, तिथे जागा नाही. होती जागा. चांगली दोन ओळींची होती.