कॅलिफोर्नियाचा दुष्काळ आणि न आलेला टँकर

(कथेचा शेवट फोडलेला नाही. तरी पुस्तक कोऱ्या मनानं वाचायचं असेल तर पोस्ट नंतर वाचा.)

नील शस्टरमन आणि जॅरड शस्टरमन या बापलेकांची 'ड्राय' (2018) ही किशोरांसाठीची कादंबरी मराठवाड्यातल्या वाचकाच्या हातात पडली की तिची तपासणी जरा कडकच होणार. विषयच आपला आहे. शेजारची ॲरिझोना आणि नेवाडा ही राज्यं पाण्याचा करार मोडतात आणि दक्षिण कॅलिफोर्नियाचे नळ एका दिवसात कोरडे पडतात. ॲलिसा, तिचा धाकटा भाऊ गॅरेट आणि शेजारचा केल्टन ही पोरं जीव वाचवायला धडपडतात. केल्टनचं घर आधीपासून संकटाची तयारी करून बसलेलं.

सुरुवात झकास आहे. दुकानातल्या पाण्याच्या बाटल्या संपल्यावर बर्फाकडे वळणं, हे सुचायला टंचाईची नस माहीत असावी लागते. निराशा त्यानंतर सुरू होते, आणि तिचं कारण भाषा किंवा पात्रं हे नाही. पाणी संपतं कसं, हेच पुस्तकाला नीट कळलेलं नाही.

मोठ्या वस्तीचं पाणी बटण दाबल्यासारखं जात नाही. जायकवाडीचंच घ्या. धरण 'शून्य टक्के' झाल्याची बातमी येते तेव्हाही खाली सुमारे 26 टीएमसी (अब्ज घनफूट) मृतसाठा, म्हणजे एरवी न उचलता येणारं तळाचं पाणी, असतो, आणि छत्रपती संभाजीनगर शहराचं पिणं आपत्कालीन पंप लावून त्यातूनच चालतं. आधी रोजचं पाणी दिवसाआड होतं, मग चार दिवसांनी, मग आठ. नळाला दाब राहत नाही, टोकाच्या गल्लीत करंगळीएवढी धार येते, मग लोक थेट नळाला मोटार लावतात आणि पुढच्या घराची ती धारही जाते. पाइप रिकामे राहिले की फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत शिरतं, म्हणून पहिली दहा मिनिटं गढूळ येतं आणि पाठोपाठ जुलाबाची साथ. दक्षिण कॅलिफोर्नियातही डायमंड व्हॅली नावाचा मोठा तलाव आणीबाणीत सहा महिने पुरावा अशा हिशेबानं बांधलेला आहे. पुस्तकातला दुष्काळ जुना आहे, साठे उतरलेले असणार, हे मान्य. पण मग तो उतार दाखवा ना! 'ड्राय' आली त्याच वर्षी केपटाउनमध्ये माणशी रोज 50 लिटरची मर्यादा लावली होती आणि नळ बंद झालेच तर ठरावीक ठिकाणी माणशी 25 लिटर वाटायचा आराखडा तयार होता. खरी गोष्ट त्या 50 आणि 25 च्या मधे आहे.

करार मोडणं तर हातचं सोन्यासारखं कथानक होतं. आपल्याकडे पाणीवाटपाचा 2005 चा कायदा आहे, त्याखालचं प्राधिकरण आहे, जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचा नियम आहे. तरीही नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ आली की कोर्ट, मोर्चे, बैठका. सोडलं तरी वाटेतल्या बंधाऱ्यांच्या फळ्या आधी काढाव्या लागतात, काठच्या मोटारींची वीज तोडावी लागते, आणि कोरडं पात्र आपला वाटा पिऊन घेतं तो वेगळाच. वर सोडलेलं आणि पैठणला, म्हणजे जायकवाडीत, पोचलेलं, या दोन आकड्यांच्या फरकावर अख्खी कादंबरी उभी राहील. इथं मात्र तो करार कथेला धक्का देण्यापुरता येतो आणि मागे पडतो.

मग काही दिवसांतच शेजारी शेजाऱ्यावर तुटून पडतात. तहानलेल्यांना पुस्तक सरळ 'वॉटर झोंबी' म्हणतं. इथं माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. तहानेनं माणूस बिघडत नाही असं नाही. टिपाडाला कुलूप लागतं, हंड्यावरून डोकी फुटतात. पण गर्दीचं पहिलं रूप रांगेचं असतं. घागरी, कॅन, नाहीतर नुसता दगड ठेवून नंबर लागतो, आणि भांडण नंबरावरून होतं. कोणाचे पाहुणे धरायचे, टँकर आधी कोणत्या वस्तीपुढे थांबणार, विहिरीवर कोणाला शेवटी उभं करणार, हे प्रश्न बंदुकीपेक्षा जास्त भीतीदायक आहेत.

आणि टँकर? पंधराशे लोकांच्या गावाला माणशी 20 लिटरच्या सरकारी निकषानं दिवसाला 30 हजार लिटर लागतात, म्हणजे दहा हजारी टँकरच्या तीन खेपा. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव, पंचायत समितीकडे प्रस्ताव, पाहणी, मंजुरी, मग कोणाची तरी विहीर किंवा बोअर अधिग्रहित. उन्हाळ्यात धार बारीक झालेल्या बोअरवर एक टँकर भरायला दोन-दोन तास जातात. शेतीची वीज आठ तास. त्यात दोन तास लाईट गेली आणि वाटेत टायर बसलं की तिसरी खेप उद्यावर. कागदावर मात्र तीन. आलेलं पाणी विहिरीत ओततात, ते थोडं मुरतं, उरलेलं शेंदून घ्यायचं. या 20 लिटरमध्ये म्हैस मोजलेली नाही, आणि ती एकटीच चाळीसच्या वर पिते. इतक्या साखळीत कुठेही हात घाला, थरार मिळेल.

पुस्तकात हेन्री नावाचा पोरगा आहे, तो पाण्याचे खोके देऊन लोकांच्या मौल्यवान वस्तू घेतो. पात्र मजेदार आहे. पण पाण्याचा धंदा म्हणजे एका चलाख पोराची लबाडी, एवढ्यावर लेखक सुटतात. बोअर कोणाचं, टँकर कोणाचा, जारचा प्लँट कोणाचा आणि ठेका कोणाकडे, या चार प्रश्नांना एकच उत्तर निघालं तर काय, हे त्यांनी विचारलंच नाही.

आईबाप समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रांकडे जातात आणि परतत नाहीत, ही या प्रकारच्या कादंबऱ्यांची नेहमीची सोय. मोठी माणसं बाजूला काढल्याशिवाय पोरांना नायक करता येत नाही म्हणे. टंचाईत तर पोरं घरातच राबतात. दहावीचा पेपर आणि टँकर एकाच सकाळी आला की घागर घेऊन घरातलं कोण जाणार? बहुतेक वेळा मुलगीच.

ज्यांना वेगवान कथा हवी त्यांनी 'ड्राय' जरूर वाचावी, निवेदकांचे आवाज छान वेगळे ठेवलेत. मराठीत मात्र कोणीतरी 2016 चं लातूर घ्यावं. मांजरा धरण आटलेलं, पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी नको म्हणून जमावबंदीचं कलम 144 लावलेलं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन आलेली पहिली रेल्वे. शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या वर होती, म्हणजे त्या गाडीतून माणशी सव्वा-दीड लिटर. बाहेरगावाहून शिकायला आलेली, खोल्या करून राहणारी पोरं त्यात वेगळी धरायची.