नटीची गोष्ट लिहायची तर तिचं काम लिहा

जुन्या नट्यांच्या आयुष्यावर बेतलेल्या कथा हल्ली बऱ्याच वाचायला मिळतात. नाव बदललेलं असतं, पण कोणावर लिहिलंय ते दोन पानांत कळतं. गरीब घर, लबाड निर्माता, फसलेलं प्रेम, दारू, एकाकी मरण. मला या कथांचा राग येतो. ती बाई दिवसभर काय काम करायची, याचा त्यात पत्ताच नसतो.

आमचा मुलूख झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातला धानाचा आणि जंगलाचा पट्टा. दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो, गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरतात, नाटक रात्रभर चालतं. विंगेत उभं राहून बघा कधी. थंडीत अंगावर शाल घेतलेली नटी एका हातात चहा धरून पुढच्या प्रवेशाची वाक्यं पुटपुटत असते. आपली वेळ आली की शाल खुर्चीवर टाकते आणि हुंदका देतच स्टेजवर शिरते. पाच मिनिटांनी परत येऊन तोच गार चहा पिते. हे कुठल्याच कथेत का येत नाही?

ललिता पवारांचंच घ्या. खाष्ट सासूला आमच्या गावात आजही 'ललिता पवार' म्हणतात. १९४२ साली एका शूटिंगमध्ये नट मास्टर भगवान यांची थप्पड त्यांना जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, उपचारांत तीन वर्षं गेली, डावा डोळा कायमचा बारीक राहिला आणि नायिकेची कामं सुटली.

लिहिणारे सगळे त्या थपडेपाशीच थांबतात. माझ्या मते खरी गोष्ट तिथून पुढं आहे. त्याच डोळ्यानिशी या बाईनं 'श्री ४२०'मधली केळेवाली केली, 'अनाडी'तली मायाळू मिसेस डिसा केली आणि फिल्मफेअर घेतलं, म्हातारपणी 'रामायण' मालिकेतली मंथरा केली. एकच डोळा कधी मायेनं बघणारा, कधी जाळणारा. त्यासाठी आरशापुढं काय काय घोटलं असेल? कथाकाराची जागा इथं आहे.

ही हकिकत मी शेजारच्या काकूंना सांगितली. त्या धानाच्या रोवणीला मजुरीनं जातात. त्यांनी पहिलं काय विचारलं? "तीन वर्सं घरी बसली, तं पैसे कोण देत होता गा तिले?" मोठमोठ्या लेखकांना हा प्रश्न सुचलेला मी पाहिला नाही.

शांता आपटेंना हा पैशाचा प्रश्न नीट कळत होता. 'कुंकू'ची ही नायिका १९३९ मध्ये कराराच्या वादावरून प्रभात फिल्म कंपनीच्या दारात उपोषणाला बसली. पुढच्याच वर्षी सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी तिनं पुस्तक लिहिलं. एवढी धगधगती गोष्ट समोर असताना आपण पुन्हा पुन्हा बाटलीच का लिहितो?

आणि नावाचं म्हणाल, तर माझं मत पक्कं आहे. खरं नाव वापरायचं तर जेवढं माहीत आहे तेवढ्यातच राहा. मनातलं रचायचं तर नाव बदला, गाव बदला, साल बदला. जुन्या सिनेमातल्या नटी हंसा वाडकरांनी स्वतःचं आयुष्य स्वतःच्या तोंडानं सांगून ठेवलंय, त्यात लपवाछपवी केली नाही. त्यावर बेतलेल्या 'भूमिका' या सिनेमात श्याम बेनेगलांनीही नायिकेला उषा केलं. मेलेल्या बाईच्या नावावर आपल्या डोक्यातली लफडी खपवू नयेत, ती उठून उत्तर द्यायला येत नाही.

मी सध्या अशीच एक कथा लिहितोय. नायिका आमच्याच भागातली, गावच्या मंडळीतून मुंबईला गेलेली. तुमच्या घरात कोणी आजी, आत्या, मावशी जुन्या काळी नाटकात किंवा सिनेमात काम करत असेल, तर त्यांना विचारून मला सांगा: एका रात्रीचे किती पैसे मिळायचे, ते हातात कोण द्यायचं, साड्या कोणाच्या असायच्या, आणि तान्हं मूल असलं तर विंगेत त्याला कोण सांभाळायचं?